विस्तवावांचून कॉफी

पाककृति म्हटली कीं चूल, जाळ आणि धूर हीं आलींच, अशी सामान्य समजूत आहे. परंतु कांहीं पदार्थ अग्नीच्या साहाय्यावांचून, केवळ काळाच्या बळावर सिद्ध होतात. दही व लोणचें हीं त्यांचीं घरगुती उदाहरणें होत. थंड पाण्यांत मुरविलेली कॉफीहि त्यांच्याच पंक्तीला बसते.

आमच्या घरीं कॉफीची खरी आवड आईला. पण सर्वांचे पेले भरून, आल्यागेल्याचें पाहून ती टेंकेपर्यंत तिचा स्वतःचा पेला निवून जाई. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां भावंडांनीं ही कॉफी करण्याचें काम अंगावर घेतलें.

चिकमगळूरकडील कॉफीच्या भाजलेल्या बिया, चिकोरी न मिसळतां, जाड्या रव्याएवढ्या भरड दळून आणाव्या. बारीक पुडीनें गाळ होतो व कडवटपणा वाढतो. १०० ग्रॅम भरड स्वच्छ बरणींत घालून तींत उकळून निवविलेलें ८०० मिलिलिटर पाणी ओतावें, ढवळावें, आणि झांकण लावून बरणी फ्रिजमध्यें ठेवावी. सायंकाळीं ६ वाजतां ठेविलेली बरणी दुसऱ्या दिवशीं सकाळीं १० वाजतां काढावी. प्रथम गाळणीनें व मग धुतलेल्या मलमलीच्या दुहेरी फडक्यानें अर्क गाळावा. फडकें पिळूं नये, नाहींतर गाळ उतरतो. चोथा बरेंच पाणी पिऊन टाकतो. त्यामुळें अर्क सुमारें ६०० मिलिलिटरच हातीं येतो. तो फ्रिजमध्येंच ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.

ऊन पाणी कॉफींतील सुगंध, आंबटपणा व कडूपणा हीं सारीं कांहीं मिनिटांत ओढून घेतें. थंड पाणी तेंच काम मंदपणें करतें, आणि कांहीं द्रव्यें मागेंच सोडतें. म्हणून हिचा सुगंध थोडा उणा, पण चव सौम्य असते. तथापि चव सौम्य म्हणून पेय सौम्य असें समजूं नये. कॅफीन थंड पाण्यांतहि उतरतें. अर्कांत निदान तितकेंच पाणी किंवा दूध घालावें. लहान मुलांना ही कॉफी देऊं नये, आणि मोठ्यांनींहि रात्रीं घेऊं नये.

आतां दुपारीं सर्वांच्या आधीं आईचा पेला तिच्यापुढें येतो. तोहि थंडच असतो. मात्र तो तिच्यासाठीं आदल्या सायंकाळपासून राखून ठेविलेला असतो. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या घरीं कोणाचा पेला रोज निवतो तें पाहा, आणि आज सायंकाळीं एक बरणी भरून ठेवा.