चक्रवाढ आणि तारुण्य

चक्रवाढ व्याजाचीं गणितें सोडविलेलीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. स्वतःच्या पगारास तें गणित लावणारा मात्र विरळा. नुकताच खासगी नोकरीस लागलेला आमचा भाचा म्हणाला, "मामा, म्हातारपणाची तजवीज आतांच कशाला?" आम्हीं कागद पुढें केला. पंचविशीपासून साठीपर्यंत दर वर्षाअखेर १२,००० रुपये टाकले, तर द. सा. द. शे. ८ प्रमाणें सुमारें २० लक्ष ६८ हजार होतात. पस्तिशींत आरंभ केल्यास अवघे ८ लक्ष ७७ हजार! मुद्दलांतील अंतर १ लक्ष २० हजारांचेंच. (दर कायम राहील असें नाहीं, हेंही त्यास सांगितलें.)

"पण तुम्हीं कोठें एवढें सांठविलें?" त्याचा प्रश्न रास्त होता. आम्हांस सरकारी निवृत्तिवेतन आहे; १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यसेवेंत लागणारांसाठींही वर्गणीची योजना आली, मग खासगी नोकराची कथा काय? वडील माणसें निश्चिंत दिसतात, म्हणून तरुणांनीं निश्चिंत असावें, हा हिशेब आतां जुळत नाहीं.

भाच्यानें सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें खातें उघडलें आहे. पैसा १५ वर्षें अडकतो, ही त्याची कुरकुर. आम्हांस तोच त्या खात्याचा गुण वाटतो.