ताडपत्रीखालचा अंधार

बाजार बायकांसाठी सुरक्षित करायचा म्हटलं की बैठकीत पहिली मागणी होते ती सीसीटीव्हीची. मी नगररचनाकार आहे, मंडया आणि आठवडे बाजारांचे आराखडे करते. कॅमेरे जरूर लावा, पण आधी मुतारीचं बघा, असं मी प्रत्येक वेळी सांगते.

पहाटे घाऊक बाजारातून माल उचलणारी भाजीवाली रात्री उरलेल्या जुड्या पडेल भावात देऊन उठते. तेवढा वेळ ती पाणी पिणं टाळते. मंडईत स्वच्छतागृह असतं, पण मागच्या बोळात, कचराकुंडीपाशी. अंधार पडला की तिथे टोळकी बसतात. शिवाय जायचं तर माल कुणाच्या भरवशावर सोडायचा? म्हणून ते ओट्यावरून दिसेल असं, वर्दळीच्या वाटेवरच हवं. दाराला आतून कडी, नळाला पाणी, पॅड टाकायला डबा. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा अन्याय मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेने २०११ पासून लावून धरला.

दिव्यांचंही तसंच. खांबावरचा दिवा रस्त्यासाठी असतो आणि खाली ताडपत्र्या ताणलेल्या. रस्ता लख्ख, ओट्यावर काळोख. गर्दीत अंगचटीला येणाऱ्यांचं तिथेच फावतं. एका मावशींनी मला पन्नासची नोट डोळ्यांजवळ धरून दाखवली. "ताई, खरी का खोटी, सांगा बरं," म्हणाल्या. मलाही सांगता येईना. दिवा ताडपत्रीच्या खाली हवा, हे मी त्या संध्याकाळी आराखड्यात लिहिलं.

नवी बहुमजली मंडई बांधली की गाळे तळमजल्यावर आणि टोपलीवाल्या वर, ही वाटणी मला अजिबात मान्य नाही. गिऱ्हाईक जिना चढत नाही. महिनाभरात बाई पुन्हा फुटपाथवर येते आणि अतिक्रमणविरोधी गाडीच्या धाकात बसते. इंफाळच्या इमा कैथेलमध्ये विक्रेत्या सगळ्या बायकाच. तो बाजार शहराच्या ऐन मध्यात आहे, आणि बसायची जागा घरातल्या पुढच्या बाईकडे जाते. हक्काची जागा असली की दमदाटी करणाऱ्याला उलट बोलायची हिंमत येते.

आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला ठेवल्या आहेत. वीस जणांची समिती धरली तर आठ विक्रेते, त्यांत तीन बायका. संख्या थोडी आहे, तरी ठरावावर त्यांचं म्हणणं नोंदवलं जाऊ शकतं. मात्र सभा सकाळी अकराला ठेवली तर त्या येणार कशा? ती ऐन विक्रीची वेळ. दुपारी दोन ते चार धंदा मंदावतो, तेव्हा सभा मंडईतच घ्या, विषयपत्रिका मोठ्याने वाचून दाखवा आणि जागावाटपाचा विषय सगळ्यात आधी घ्या.