हशा कुणाचा, कुणावर

विनोद ऐकून किती लोक दचकले, यावर त्याची धार ठरत नाही. दचकवणं सोपं असतं. मराठीतून स्टँड-अप करताना नवा तुकडा लिहिला की मी आधी एवढंच तपासते: यात मार कुणाला बसतोय?

माझा कावळ्याचा तुकडा घ्या. आजोबांचा दहावा. सगळं घर घाटावर हात जोडून उभं. पिंड मांडलाय, कावळा फांदीवर बसलाय आणि काही केल्या खाली येत नाही. इच्छा राहिली असेल, असं कुणीतरी कुजबुजतं. मग काका पुढे होऊन शब्द देतात, ‘बाबा, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ.’ कावळा शिवतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. त्याच घरात, त्याच कावळ्यानं नातीला शिवलं की ती चार दिवस कोपऱ्यात. एकच कावळा. आजोबांना शिवला तर मुक्ती, नातीला शिवला तर विटाळ.

सुरुवात मी मुद्दाम घाटापासून करते. तो प्रसंग बहुतेकांनी पाहिलेला असतो, माना डोलायला लागतात. सेटअपचं खरं काम तेच आहे, लोकांकडून आधी होकार मिळवणं. पाळीपासून सुरू केलं तर निम्मं सभागृह हाताची घडी घालून बसतं आणि मग कितीही चांगला पंच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. घाटावर होकार दिलेला माणूस मात्र कोपऱ्यापर्यंत माझ्यासोबत येतो. हसतो तेव्हा तो स्वतःच्या घरातल्या नियमाला हसत असतो.

हाच विनोद आजीची नक्कल करूनही सांगता येईल. कंबर वाकवायची, आवाज चिरका करायचा, ‘शिवू नकोस गं’ म्हणत मंचभर फिरायचं. हशा हमखास मिळेल आणि दुप्पट मिळेल. पण ती आजी स्वतः वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात बसलेली असते, वेगळं ताट आणि वेगळं कांबळं घेऊन. नक्कल केली की नियम सुटतो आणि मार तिला बसतो. म्हणून माझ्या तुकड्यात आजी नाही.

मंचावरून मला एक गोष्ट फार वेळा दिसते. जोडप्यानं आलेली बाई हसण्याआधी शेजारी नवऱ्याकडे बघते. क्षणभरच. तो हसला तर ती मोकळी होते. या क्षणासाठी पंचनंतर मी थोडी जास्त थांबते. महिला दिनाच्या कार्यक्रमांना बोलावतात तेव्हा सभागृहात लख्ख ट्यूबलाइट असतात, आणि त्या बंद करा, असा माझा आग्रह असतो. अंधारात कोण हसलं ते कुणाला दिसत नाही. तिथे बायका पोट धरून हसतात.

प्रत्येक प्रयोगाचं ध्वनिमुद्रण मी नंतर ऐकते, शब्दांपेक्षा हशासाठी. ‘कोपऱ्यात’ या शब्दावरच पुरुषी आवाजात हशा आला, तर ती ओळ बदलायला हवी. अमेरिकेत विनोदकार डेव्ह शॅपेल यांच्या टीव्ही कार्यक्रमात वर्णद्वेषी साच्यांवर एक प्रहसन चित्रित होत होतं. तेव्हा सेटवरचा एक जण ज्या तऱ्हेनं हसला, त्यानं ते अस्वस्थ झाले. साच्यावर हसण्याऐवजी तो साच्यासोबत हसतोय, असं त्यांना वाटलं. २००५ मध्ये तुफान चाललेला तो कार्यक्रम अर्धवट सोडून ते दक्षिण आफ्रिकेला निघून गेले. त्यांच्या पुढच्या काही विनोदांशी माझं मुळीच जमत नाही. पण हशा इतक्या बारकाईनं ऐकणारा कान प्रत्येक विनोदकाराकडे हवा.

ऑस्ट्रेलियातल्या विनोदकार हॅना गॅड्सबी यांचं तर माझ्यावर ऋणच आहे. त्या वाढल्या त्या टास्मानियात समलिंगी संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होता. २०१८ च्या ‘नॅनेट’ या कार्यक्रमात, यापुढे स्वतःला हिणवून हशा मिळवणार नाही, असं त्यांनी मंचावरूनच जाहीर केलं. स्वतःच्या जाडीवर, रंगावर, लग्न न ठरण्यावर बोल, लोक लगेच आपलंसं करतील, हा सल्ला मराठी मुलीलाही पहिल्याच ओपन माइकला मिळतो. तो मानू नये.

हे सगळं परदेशातून आलं, असं मात्र कुणी म्हणू नये. सत्यशोधकांनी तमाशाचाच बाज घेऊन भिक्षुकशाहीवर जलसे उभे केले, पुढे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आज बीडची अंकुर तांगडे जातीवर आणि बाईपणावर मंचावरून बोलते, तेव्हा मला तीच परंपरा पुढे चाललेली दिसते.

असं मंचावरून बोलण्याची किंमत मोठी आहे. स्टँड-अप कलाकार मुनव्वर फारुकी २०२१ च्या पहिल्याच दिवशी इंदूरमध्ये पकडला गेला आणि महिन्याहून जास्त तुरुंगात राहिला. बाईला शिक्षा वेगळ्या भाषेत मिळते: २०२० मध्ये स्टँड-अप करणाऱ्या अग्रिमा जोशुआच्या एका जुन्या व्हिडिओवरून वाद पेटला, तेव्हा तिला बलात्काराच्या धमक्या आल्या. आपल्याकडे धाडसी म्हणून मिरवणारे पुष्कळ विनोद बायको, जाड बाई, तृतीयपंथी, घरकाम करणारी मावशी यांच्यावर असतात. ते सांगणाऱ्याचं काहीही पणाला लागत नाही. त्याला मी धाडस म्हणत नाही.

एका आयोजकांनी मला फोनवर सांगितलं, ‘ताई, पाळीचं नको, फॅमिली क्राउड आहे.’ त्याच कार्यक्रमात माझ्याआधीच्या कलाकाराचा अख्खा सेट बायकोच्या खर्चावर, जेवणावर आणि माहेरावर होता. मुलंबाळं समोर बसली होती, त्यांच्या आयाही.

यात प्रेक्षकांच्या हातात फार मोठी गोष्ट आहे. ज्या विनोदाला हशा येत नाही, तो आम्ही दोन-चार प्रयोगांत वहीतून काढून टाकतो. तेव्हा माझी विनंती आहे: शेजारच्याला वाईट वाटेल, पाहुण्या कलाकाराचा मान राहणार नाही, म्हणून बायकोवरच्या विनोदाला हसू नका. गप्प बसा. आणि एखादी नवखी मुलगी थरथरत्या हातानं माइक धरून तिच्या घरातल्या नियमाबद्दल बोलायला लागली, तर पुढच्या रांगेत बसा.