अंगावरून जातंय

बँकेत कॅशवर बसलेल्या माणसाला मधेच उठता येत नाही. उठायचं तर नोटा आत टाकून ड्रॉवर बंद करायचा, किल्ली कमरेला लावायची, स्क्रीन लॉक करायची आणि रांगेला थांबा म्हणायचं. पेन्शनच्या दिवशी त्या रांगेत काठी टेकून उभे असलेले आजोबा असतात. त्यांना थांबवताना कसंनुसं होतं. मी कऱ्हाडजवळच्या एका शाखेत कॅशवर काम करते. गेली कितीतरी वर्षं माझ्या पाळीचे पहिले दिवस असे आहेत, की तासाभरात पॅड भरतं. रात्रीसाठीचं मोठं पॅड मी दिवसा लावते, त्याच्याखाली आणखी एक. गाठी पडतात. ओटीपोटातली कळ मांड्यांतून गुडघ्यापर्यंत उतरते, कंबर धरते. नोटा मोजताना आकडा तोंडातल्या तोंडात पुन्हा पुन्हा म्हणत राहावं लागतं, कारण कळ आली की मोजलेलं सगळं निसटतं.

यावर मी उपचार केले आहेत, हे आधीच सांगते. "अंगावरून फार जातंय" असं बाईने म्हटलं की समोरून लगेच येतं, "डॉक्टरांना दाखवलंस का?" दाखवलं. कऱ्हाडला दाखवलं, साताऱ्याला दाखवलं, पुण्याला दाखवलं. थायरॉइड तपासलं. रक्त गोठण्यात काही दोष आहे का, म्हणून व्हॉन विलेब्रँडची तपासणीही झाली. पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालावर नुसतं 'बल्की यूटरस' लिहिलं होतं. पिशवीला सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. अ‍ॅडिनोमायोसिस हे आजाराचं नाव बऱ्याच उशिरा, एमआरआय झाल्यावर कळलं.

गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला गळून जातं. या आजारात त्या अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूंच्या भिंतीत शिरतात. तिथेही त्या महिन्याच्या चक्राप्रमाणे सुजतात, पाझरतात, आणि त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. ओल धरलेल्या भिंतीसारखी पिशवी फुगते, जड होते, आणि आकुंचन पावताना जीव काढते. पूर्वी हे निदान पिशवी काढून तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच पक्कं होत असे. म्हणजे माझ्या आधीच्या कितीतरी बायकांना आपल्याला काय झालंय हे कधी कळलंच नसणार. मला कळलं, याचा आधार वाटला. नाव कळल्याने दुखणं मात्र कमी झालं नाही.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मी अजूनही घेते. जास्त जातं त्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या. हे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांच्या पतीने शोधलं. 1962 साली त्यांचा शोध प्रसिद्ध झाला. बाळंतपणात रक्त वाहून बायका मरतात, ते थांबवायचं हे त्यांच्या मनात होतं. त्यांच्याबद्दल वाचलं त्या दिवशी गोळीच्या पाकिटाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. कितीतरी बायकांचा रक्तस्राव या गोळीने निम्म्यावर येतो. माझा थोडा कमी होतो, आणि कळ तशीच राहते. माझ्या मायग्रेनमध्ये आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा नाचतात. तसा मायग्रेन असलेल्या बाईला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे तो रस्ता बंद. मग मिरेना बसवली. पिशवीत बसून ती रोज थोडं थोडं हार्मोन सोडते. माझ्या ओळखीतल्या दोघी तिच्यामुळे सुखात आहेत. पण मोठ्या झालेल्या पिशवीतून ती निसटण्याची शक्यता जास्त असते, आणि माझी एका जोरदार पाळीत गाठींबरोबर बाहेर पडली. डायनोजेस्टने कळ उतरली, पण डाग पडणं थांबेना आणि मन इतकं काळवंडलं की डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या. शेवटी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं. त्या महिन्यांत पाळी आलीच नाही. अंगातून वाफा निघायच्या, जिना चढताना गुडघे बोलायचे, तरी ते माझे चांगले महिने होते. हाडं विरळ होतात म्हणून ती इंजेक्शनं साधारण सहा महिन्यांच्या पुढे नुसती देत नाहीत. बंद झाली आणि सगळं होतं तिथे परत आलं.

औषध लागू पडलं नाही की बघणाऱ्यांची नजर हळूहळू औषधावरून बाईवर येते. "तुम्ही टेन्शन फार घेता, ताई." "वजन कमी करा." "सहन करायची सवय नाही राहिली आता बायकांना." एका तपासणीत दारातून बाहेर पडताना मी मागे ऐकलं, की हिचं काहीतरी डोक्यातलं आहे. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. उपचार हरला तर तो उपचार हरलेला असतो. त्यालाच पुरावा धरून बाईच्या दुखण्यावर शंका घेणं हा अन्याय आहे, आणि शिकलेली माणसं तो फार सहज करतात.

मला ऐकून घेतलं जाऊ लागलं ते वहीमुळे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1990 मध्ये पाळीतला रक्तस्राव मोजायचा एक चित्रांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. पॅडवर थोडाच डाग असेल तर 1 गुण, मध्यम भिजलं असेल तर 5, पूर्ण भिजलं तर 20. गाठीचे गुण वेगळे. एका पाळीची बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असं समजायचं. माझी बेरीज त्याच्या कितीतरी पटीने भरली. आकडे लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. मी रकाने आखले: तारीख, पॅड, गाठी, कळ किती, कोणती गोळी किती वाजता, कामावर गेले की नाही. "फार जातं हो" म्हणत होते तोवर डॉक्टर मान हलवून पुढचं लिहीत होते. वही पुढे ठेवली तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पानं उलटून पाहिली. आता जास्त रक्तस्राव ठरवताना मिलिलिटरपेक्षा बाईचं रोजचं जगणं किती अडतं हे आधी पाहायचं असतं, हेही मला त्यांनीच सांगितलं. तरी मी वही सोडलेली नाही. बाईच्या शब्दावर जिथे विश्वास बसत नाही तिथे आकडा उभा राहतो, आणि असं असावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

त्याच बाईंनी आधी माझं रक्त भरून काढायला घेतलं. हिमोग्लोबिन साडेसातवर होतं. पायऱ्या चढताना धाप लागायची, केस हातात यायचे, आणि दळणाच्या डब्यात हात घालून कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे. रक्त कमी असल्याचं हेही लक्षण असतं, हे मला माहीतच नव्हतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सांगतात. म्हणूनच बहुधा थकलेली बाई कोणाला आजारी वाटत नाही. घरचे अळिवाचे लाडू, खजूर, बीट माझ्यापुढे ठेवत होते. मायेनं ठेवत होते, मी खातही होते. पण दर महिन्याला एवढं रक्त जात असेल तर ते लाडवांनी भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सांगितल्या, कारण आज गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन वाढतं आणि लगेच दुसऱ्या दिवशीचं लोह आतड्यात कमी शोषलं जातं. गोळीबरोबर लिंबूपाणी, आणि मागेपुढे चहा नाही. सकाळचा चहा लांबवणं मला जड गेलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा शिरेतून लोह दिलं. महिन्याभराने एके दिवशी जिना चढून वर आल्यावर लक्षात आलं, की मी मधे थांबलेच नाही. पाळी तशीच होती, कळ तशीच होती, पण तिला तोंड द्यायला अंगात काहीतरी आलं होतं. कोणी मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी सांगते, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपास. नुसतं हिमोग्लोबिन बरं दिसलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

कळीचंही तंत्र हळूहळू बसत गेलं. मेफेनामिकची गोळी कळ भरात आल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही; पोट जड वाटायला लागलं की आधीच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळा पाळून. टेन्स नावाचं एक छोटं यंत्र फिजिओथेरपिस्टने दिलं. त्याच्या पट्ट्या कमरेला चिकटवल्या की मुंग्या येतात आणि कळेची धार बोथट होते. साडीच्या आत ते दिसत नाही. ज्या दिवशी गोळी, शेक, यंत्र यातलं काहीच चालत नाही, त्या दिवशी मी अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन पडते. तसे दिवस अजून येतात.

कामावर मात्र एक गोष्ट सुटली. आमचे शाखाधिकारी माझ्याहून बरेच लहान. त्यांच्यासमोर उभी राहून मी म्हटलं, "साहेब, मला पाळीत फार रक्त जातं. त्या दिवसांत मला कॅशवर बसता येणार नाही, मागच्या टेबलावर काम द्या." त्यांचे कान लाल झाले. पण त्यांनी ऐकलं. "मॅडम, माझ्या बहिणीलाही हाच त्रास आहे," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसांत क्लिअरिंगचं काम माझ्याकडे आलं. शेजारच्या टेबलावरची सहकारी न विचारता कॅशवर बसते. तिच्या मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत मी तिचं काम ओढते. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे. आपल्याकडे ती का नसावी, याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. साहेब चांगला मिळाला म्हणून माझं निभावतं. पुढच्या बदलीनंतर कोण असेल?

घरात गौरींचा प्रश्न होता. गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आमच्याकडे किती सहज घेतल्या जातात! मेडिकलवाल्याला नुसती खूण केली तरी पाकीट मिळतं. मीही वर्षानुवर्षं घेतल्या. ढकललेली पाळी नंतर जी यायची, ती मला आडवी करायची. नवीन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कोणासाठी घेता?" त्या वर्षी मी सासूबाईंना सांगितलं, की यापुढे गोळी घेणार नाही, आली पाळी तर येऊ दे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू नैवेद्याचं सांग, मी करते." गौरी जेवल्या. मी आतल्या खोलीत पडून पुरणाचा वास घेत होते, आणि त्या दिवशी मला वगळल्यासारखं वाटलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच मला हाक मारून ओटी भरायला बाहेर बोलावलं.

राहिला पिशवीचा निर्णय. माझ्या आईची पिशवी तिच्या तिशीत काढली, अंडाशयांसकट. "सुटले बाई," हे ती आजही म्हणते, आणि मी तिच्या सुटकेला खोटं म्हणणार नाही. पण पन्नाशीच्या आत तिची हाडं ठिसूळ झाली. नुसतं घसरून मनगट मोडलं. अंडाशयांचं काय, ते ठेवता येतात का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. दर गाळप हंगामात आमच्या भागात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडावरच्या बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी 2019 मध्ये गाजली. सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची ही शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. खाडा पडला की दंड, फडावर ना संडास ना पाणी, आणि डॉक्टर सांगतो कॅन्सर होईल. तिथे पिशवी काढणं हा उपचार राहत नाही. अशा बायकांच्या फडांशेजारी राहून मला 'पिशवी काढून टाका' हे वाक्य सहज ऐकता येत नाही.

पण माझी परिस्थिती त्यांच्यासारखी नाही, हेही खरं. मी बेचाळीस वर्षांची आहे. मुलं दोन, दोन्ही सिझेरियन, त्यामुळे मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं. बाकीचं जवळजवळ सगळं करून झालंय. पाळी जायची वाट पाहायची तर आणखी कितीतरी वर्षं अशीच काढावी लागतील. पिशवीच्या रक्तवाहिन्या बंद करायच्या उपायाबद्दलही पुण्यात विचारून आले. त्यानंतर पुन्हा त्रास उलटू शकतो, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग मी माझे प्रश्न वहीत लिहून नेले. अंडाशय ठेवणार ना? दुर्बिणीतून होईल का, पोट उघडावं लागेल? मूत्राशयाला इजा झाली तर कोण दुरुस्त करेल? किती आठवडे वजन उचलायचं नाही? डॉक्टरीणबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, आणि म्हणाल्या, "घाई नाही. हिमोग्लोबिन अकराच्या वर जाऊ दे, मग तुम्हाला वाटेल तेव्हा."

परवाच्या तपासणीत ते दहा पूर्णांक आठ आलं. मार्चअखेर शाखेत मान वर करायला फुरसत नसते, म्हणून मी एप्रिलची तारीख मागणार आहे. मुलांच्या परीक्षाही तोवर संपलेल्या असतील, आणि आई राहायला येईन म्हणाली आहे.