टायरवरचा तो आकडा

पावसात सिग्नलला बाबांनी ब्रेक दाबला आणि आमची इलेक्ट्रिक कार घसरतच पुढे गेली. मागे आजी बसली होती. सुदैवाने काही झालं नाही, पण टायर गुळगुळीत झाले होते. बॅटरीमुळे गाडी जड, त्यात पिकअप जोरदार. मग टायर लवकर झिजतातच.

दुकानदार म्हणाला, "साइज तीच आहे, हे स्वस्तातले घ्या." मी कडेचा आकडा वाचला. जुन्यावर ९४, यावर ९१. म्हणजे एका टायरने ६७० किलोऐवजी ६१५ किलोच पेलायचं!

आम्ही ९४ वालेच ऑल-सीझन टायर घेतले. रेंज किंचित कमी झाली, पण आजी आता निवांत बसते. तुम्हीही किमतीआधी तो आकडा वाचा.