साबोनिस उशिरा आला

अर्विदास साबोनिस अमेरिकेत खेळायला पोचला तेव्हा त्याच्या पायांत पळणं असं फारसं उरलंच नव्हतं. १९९५ चा नोव्हेंबर. आपल्याकडे दिवाळी होऊन गेली होती, तिकडे एनबीएचा मोसम सुरू होत होता, आणि पोर्टलंडच्या मैदानात सात फूट तीन इंचांचा, एकतिसाव्या वर्षात असलेला एक लिथुआनियन गृहस्थ ‘नवोदित’ म्हणून उतरत होता. नवोदित! पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सनी त्याची निवड केली होती ती १९८६ साली. करार करण्याआधी त्याच्या पायांचे एक्स-रे काढले. ते पाहून डॉक्टर म्हणाले, नुसत्या या फोटोंवर याला अपंगांसाठी राखून ठेवलेली पार्किंगची जागा मिळून जाईल. हा किस्सा खुद्द संघाच्या व्यवस्थापकानेच पुढे सांगितला. तरीही करार झाला.

मी डोंबिवलीचा. आमच्या गावाला बास्केटबॉलचं वेड वगैरे काही नाही. शाळांच्या मागच्या अंगणात सिमेंटचं कोर्ट असतं, त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि एरवी वार्षिक स्नेहसंमेलनाचा मांडव पडतो. रिंगला जाळी असलीच तर एका बाजूची. ठाण्यात घोडबंदर रोडच्या संकुलांमधून आता बरी कोर्ट झाली आहेत, पण तिथेही संध्याकाळी अर्ध्या भागात बॉक्स क्रिकेट चालतं. अशा ठिकाणी राहून एखाद्याला काउनसच्या साबोनिसचं प्रेम जडावं याचं कारण विचाराल तर मी वेळापत्रकाकडे बोट दाखवीन. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे ऐन फास्ट लोकलची वेळ. मोबाइल वर धरायला जागा नसते, पण पुढच्या माणसाच्या खांद्याआडून आपलाच मोबाइल बघता येतो. शेजारचा विचारतो, “स्कोअर काय?” मी म्हणतो, “एकशे चार–नव्व्याण्णव.” तो दचकतो, मग बास्केटबॉल आहे हे कळल्यावर त्याला जरा फसवल्यासारखं वाटतं.

या सकाळच्या सामन्यांत मी ज्याला बघतो तो साबोनिस दुसरा. दोमांतास, अर्विदासचा मुलगा. बाप पोर्टलंडमध्ये पहिला मोसम खेळत होता त्याच मोसमात, १९९६ च्या मे महिन्यात, तिथेच जन्मलेला. वाढला स्पेनमध्ये, मालागाच्या क्लबकडून खेळला, मग अमेरिकेत गोन्झागा विद्यापीठात गेला आणि २०१६ मध्ये एनबीएत आला. त्याच्या वाटेत अडवणारं कोणी नव्हतं. बापाच्या वाटेत एक आख्खा देश होता.

तो देश म्हणजे सोव्हिएत संघ. काउनस हे लिथुआनियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, लोकसंख्या आज तीन लाखांच्या आसपास. आमची कल्याण-डोंबिवली महापालिका त्याच्या चौपट भरेल. तिथल्या क्लबचं नाव झाल्गिरिस, म्हणजे १४१० सालच्या त्या लढाईचं नाव, जिच्यात लिथुआनिया आणि पोलंडने मिळून जर्मन सरदारांना हरवलं. असं नाव धारण करून तो क्लब मॉस्कोच्या लष्करी क्लबाशी, सीएसकेएशी खेळायचा. काउनसकरांना रस्त्यावर जे बोलता येत नव्हतं ते कोर्टवर चालायचं. १९८५, ८६, ८७ असं लागोपाठ तीनदा झाल्गिरिसने सोव्हिएत विजेतेपद घेतलं, आणि मध्यभागी उभा होता वीस-बावीस वर्षांचा साबोनिस. त्या काळातल्या त्याच्या चित्रफिती जरूर पाहाव्यात. इतका उंच मुलगा असा धावतो, लांबून बास्केट करतो, स्पेनमधल्या एका स्पर्धेत डंक करताना बोर्डाची काच फोडतो. सतरा वर्षांचा असताना, १९८२ मध्ये, सोव्हिएत संघाबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता आणि तिथल्या प्रशिक्षकांनी डोळे विस्फारले होते. पण निवड होऊनही सोव्हिएत सरकारने त्याला सोडलं नाही. मग टाचेमागचा स्नायुबंध तुटला. सांधला, आणि पुन्हा तुटला.

१९८८ मध्ये उपचारांसाठी मात्र त्याला पोर्टलंडला जाऊ दिलं. अमेरिकन डॉक्टरांनी पाय उभा केला, आणि त्याच पायावर उभं राहून त्याने त्या सप्टेंबरात सोल ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेला हरवलं. ८२–७६. पुढच्या वर्षी नियम बदलला, ऑलिंपिकची दारं व्यावसायिक खेळाडूंना उघडली, आणि १९९२ मध्ये अमेरिकेने मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांना बार्सेलोनाला पाठवलं. त्या ‘ड्रीम टीम’ने उपांत्य फेरीत लिथुआनियाचा ५१ गुणांनी धुव्वा उडवला. तोवर लिथुआनिया स्वतंत्र झाला होता. कांस्यपदकासाठी समोर आला तो जुन्या सोव्हिएत देशांचा एकत्रित संघ, आणि तो सामना ८२–७८ असा जिंकून लिथुआनियन खेळाडू रंगीबेरंगी टी-शर्ट घालून व्यासपीठावर चढले. ते शर्ट आले होते सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मदतीतून. पदकांच्या यादीत ते कांस्य सोन्याच्या खालीच लिहिलेलं आहे. काउनसमध्ये ते तसं लिहीत असतील असं मला वाटत नाही.

१९८९ मध्ये देशाबाहेर पडायची मुभा मिळाली तेव्हाही तो अमेरिकेला गेला नाही. स्पेनमध्ये वायादोलिदला गेला, मग रेआल माद्रिदला. पायांचा भरवसा नव्हता. अमेरिकेत मोसमाचे ब्याऐंशी सामने असतात. स्पेनमध्ये निभत होतं. १९९५ मध्ये माद्रिदला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मग, सगळं झाल्यावर, तो पोर्टलंडला आला.

आणि आला तो काय खेळायचा! कोर्टच्या मध्याजवळ, रिंगकडे पाठ करून उभा राहायचा. फारसा हलायचा नाही. चेंडू त्याच्या हातात आला की बाकीचे चौघे पळायला लागत, आणि त्यांतला कोणता कधी मोकळा होणार हे त्या चौघांच्या आधी याला कळलेलं असे. खांद्यावरून, पाठीमागून, कधी नजर भलतीकडे ठेवून चेंडू जायचा. लग्नघरात गुडघे धरलेली मोठी काकू पाटावर बसून राहते आणि तरी पंगतीत कुठल्या पानावर वरण पोचलं नाही ते तिलाच ठाऊक असतं, तसं काहीसं. पहिल्याच मोसमात, सामन्याला जेमतेम अर्धा वेळ खेळून, त्याची सरासरी होती साडेचौदा गुण आणि आठ रिबाऊंड.

बास्केटबॉलवाल्यांचा एक आवडता उद्योग आहे: साबोनिस १९८६ मध्येच आला असता तर? यावर तासन्‌तास बोलतात. दुसरा एक पक्ष म्हणतो, उशीर झाला म्हणून तर तो असा विचारी खेळाडू झाला. पाय गेले आणि डोकं चालू लागलं. हा दुसरा पक्ष मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतो. जुन्या चित्रफिती नीट पाहिल्या तर तेच पास तिथेही दिसतात, विशीतल्या पोराच्या हातून सुटलेले. फक्त तेव्हा ते धावण्यात आणि उड्यांत मिसळून जायचे, म्हणून नजरेत भरत नसत. उशिराने त्याला काही शिकवलं नाही. होतं त्यातलं बरंच ओरबाडून नेलं, आणि हे तेवढं नेता आलं नाही.

हे मला इतक्या जोरात म्हणावंसं वाटतं ते बहुधा आमच्या गावामुळे. डोंबिवलीत उशिरा अमेरिकेला जाणाऱ्यांची एक पिढीच आहे. मुलगा-सून तिकडे, नातवंड झालं की आई-बाबा सहा महिन्यांसाठी जातात. साठी उलटल्यावर पहिला पासपोर्ट. आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी परदेशी नोकरीची संधी आली होती, ती घरच्या अडचणींपायी सोडली, हे त्यांनी मला फडके रोडवरून चालताना बऱ्याचदा ऐकवलेलं. ते गेल्या काही वर्षांत मुलाकडे सॅक्रामेंटोला जाऊन-येऊन असतात. एकदा तिथून फोन आला. “अरे, इथे रात्री आकाशात जांभळा झोत सोडतात. मला वाटलं विमानतळाचा असेल. तर मुलगा म्हणतो, बास्केटबॉल जिंकले की लावतात.”

“किंग्ज, काका. सॅक्रामेंटो किंग्ज.”

“हां, तेच. आणि मालक रणदिवे आहे म्हणे! आपले का रे?”

रणदिवे म्हटल्यावर डोंबिवलीचा माणूस ‘कुठले’ हे विचारल्याशिवाय राहणार नाही. विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, शिकायला एमआयटीत गेलेले, सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या केलेले. मुलीच्या शाळकरी बास्केटबॉल संघाचं प्रशिक्षण त्यांनी केलं आणि दुबळ्या संघाने आख्ख्या कोर्टभर प्रतिस्पर्ध्याला जखडून कसं जिंकावं याचा तो प्रयोग बराच गाजला. २०१३ मध्ये त्यांनी किंग्ज विकत घेतले. एनबीएचा भारतातला पहिला सामना झाला तो त्यांच्याच संघाचा: ४ ऑक्टोबर २०१९, वरळीचं एनएससीआय डोम, समोर इंडियाना पेसर्स. त्या सामन्याला प्रेक्षक म्हणून आणली होती शाळांमधली सुमारे तीन हजार मुलं. किंग्ज जादा वेळेत एका गुणाने हरले, १३२–१३१. जिंकलेल्या पेसर्समध्ये दोमांतास साबोनिस होता. म्हणजे तो आमच्यापासून एका लोकलच्या आणि एका टॅक्सीच्या अंतरावर येऊन खेळून गेला. दोन वर्षं उलटली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच रणदिव्यांच्या संघाने त्याला घेतलं. बदल्यात टायरीज हॅलिबर्टन हा लाडका पोरगा दिला, म्हणून सॅक्रामेंटो पेटलं होतं. पुढच्याच मोसमात उजव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना शस्त्रक्रिया टाळून दोमांतास खेळत राहिला, रिबाऊंडमध्ये एनबीएत पहिला आला, आणि सलग सोळा मोसम बाद फेरीचं तोंड न पाहिलेले किंग्ज तिथे पोचले. काकांना दिसलेला जांभळा झोत सुरू झाला तो त्याच मोसमात.

काकांना यातलं काही नको होतं. त्यांना झोत आवडला होता आणि मालकाचं आडनाव. तिथे मुंबईची लोकल पकडायची विद्या कामाची नाही, भाजीवाल्याशी घासाघीस नाही, बँकेतलं चाळीस वर्षांचं ज्ञान नाही. पण नातीला पाढे म्हणायला लावतात, आणि मुलाच्या घराच्या कर्जाचं व्याज कागदावर मांडून त्यातली चूक काढतात, मुलगा संगणकावर बघेपर्यंत. हे ते डोंबिवलीतही करायचे. इथे आमचं तिकडे लक्ष नव्हतं.

उशिरा पोचलेल्या मराठी माणसाचा एक भलताच आनंदाचा नमुनाही आहे, तो सोडवत नाही. सौरभ नेत्रावळकर. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तिथे पाकिस्तानने उपांत्यपूर्व फेरीत भारताला बाहेर काढलं. मुंबईकडून रणजी खेळला. मग २०१५ मध्ये क्रिकेट संपलं असं धरून कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला आणि ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. ६ जून २०२४ ला, बत्तिसाव्या वर्षी, टेक्सासमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून त्याने पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकली आणि अठरा धावा राखल्या. त्या रात्री इथे किती घरांत लोक जागे होते! पाकिस्तान हरलं म्हणून जेवढे खूष, तेवढेच ‘नोकरी सांभाळून’ म्हणून. आमच्याकडे हा दुसरा मुद्दा पहिल्याहून तसूभरही कमी नाही.

माझा भाचा ठाण्यात राहतो, बारावीत आहे, संकुलाच्या कोर्टवर खेळतो. त्याला थोरल्या साबोनिसचं कौतुक कमीच. “मामा, तुझा माणूस हळू आहे रे. मला योकिच दाखव.” निकोला योकिच सर्बियाचा, २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला आणि मग तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. तोही हळू, तोही उभ्या उभ्या पास देणारा. मी म्हटलं, अरे, ते दुकान आधी याने उघडलं. भाचा म्हणाला, दुकान उघडून उपयोग काय, माल तर योकिचने विकला. पोराच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

मग मी त्याला २००४ चा सामना लावून दिला. पोर्टलंडचा करार संपवून थोरला साबोनिस काउनसला परतला होता, आपल्या झाल्गिरिसकडे. एकोणचाळीस वर्षांचा. त्या वर्षी युरोलीगच्या साखळी फेरीचा आणि पुढच्या सोळा संघांच्या फेरीचा, दोन्ही वेळा सर्वोत्तम खेळाडू तोच. ८ एप्रिलला तेल अवीवमध्ये मकाबीशी गाठ होती. जिंकेल तो अंतिम चारांत. जेमतेम दोन सेकंद उरलेले, झाल्गिरिस तीन गुणांनी पुढे, हातात फ्री थ्रो. ते हुकले. मकाबीच्या खेळाडूने आपल्या टोकावरून आख्ख्या कोर्टभर चेंडू फेकला, डेरिक शार्पने तो घेऊन वळता वळता तीन गुणांची बास्केट केली, सामना जादा वेळेत गेला आणि झाल्गिरिस हरले. साबोनिसचा तो शेवटचा मोसम ठरला.

भाच्याने ते तीन-चारदा मागे नेऊन पाहिलं. “मामा, एवढा लांब पास कोणी दिला रे?”

शेलेफ. गुर शेलेफ. मी नाव सांगितलं तर म्हणतो, कधी ऐकलं नाही. शार्पचं मात्र त्याला आधीपासून माहीत होतं.