चार दिवस कामाचे, एक दिवस वाळवंटाचा!

लास वेगासला कामासाठी जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, 'काय पाहिलंस?' उत्तर ठरलेलं. कॉन्फरन्स हॉल, हॉटेलची लॉबी आणि जाता जाता डोकावलेला एखादा कॅसिनो. मी जानेवारीत तिथे गेले ती गॅजेट्सच्या एका प्रदर्शनाचं रिपोर्टिंग करायला. चार दिवस गळ्यात बॅज, खांद्यावर लॅपटॉप आणि पायांची पार वाट! पण यावेळी परतीचं तिकीट मी शनिवारऐवजी सोमवारचं काढलं होतं. रविवार फक्त माझा. अर्थात, जादा रात्रींचं बिलही माझंच.

खरं सांगू? मी याआधी कधीच एकटी भटकले नव्हते. माझ्या फोनवर 'लडाख पक्कं' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तीन वर्षं झाली, त्यावर फक्त गुड मॉर्निंग येतं. कुणाची रजा नाही, कुणाचं लग्न, कुणाचा ईएमआय. सोबत मिळेपर्यंत थांबायचं तर मी जन्मभर थांबणार, हे एव्हाना कळून चुकलं होतं.

गुरुवारी दुपारचं सेशन लवकर आटोपलं आणि रंगीत तालीम करायची ठरवली. वेगासच्या झगमगाटापासून जेमतेम 27 किलोमीटरवर रेड रॉक कॅन्यन आहे. लाल-केशरी खडकांच्या कुशीतून जाणारा 21 किलोमीटरचा वळसा, तोही वन-वे. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसलेल्यांसाठी एकदम बेस्ट. समोरून कुणी येतच नाही! तरी पहिला तासभर मी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू करत होते. भर वाळवंटात, स्वच्छ उन्हात, वायपर. मागच्या गाडीतल्यांची चांगलीच करमणूक झाली असणार.

शनिवारी रात्री आईला फोन केला. उद्या डेथ व्हॅलीला जातेय म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग, "अगं, नावातच मरण आहे, तिथे एकटी कशाला जातेस?"

आता तिला काय सांगणार? 1849 मध्ये सोन्याच्या शोधात निघालेली माणसं इथे अडकली, त्यांचे हाल झाले आणि त्यांनी हे नाव ठेवलं. पण टिंबिशा शोशोनी हे मूळचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहतात. आजही राहतात. त्यांच्यासाठी हे घर आहे. आईला ते फारसं पटलं नाही. शेवटी तह झाला. भारतात सोमवारी सकाळचे आठ वाजायच्या आत, म्हणजे माझ्या रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत, मी फोन करायचा. नाहीच आला, तर तिने हॉटेलच्या रिसेप्शनला कळवायचं. माझा रूट मी तिथे लिहून ठेवला होता.

रविवारी साडेसहाला निघाले. पाहरम्प गावात टाकी फुल्ल केली, चार लिटर पाणी, सँडविच आणि आईने दिलेल्या चकल्या सोबत. पुढे डेथ व्हॅली जंक्शन लागलं. चार-दोन इमारतींचं वाटावं असं गाव, आणि त्यात चक्क एक ऑपेरा हाउस! न्यूयॉर्कची नर्तिका मार्टा बेकेट 1967 मध्ये दौऱ्यावर असताना इथे तिच्या गाडीचा टायर पंक्चर झाला. तेवढ्या वेळात तिला एक पडका हॉल दिसला आणि बाई इथेच राहिल्या. 1968 पासून 2012 पर्यंत त्या इथे नाचल्या. प्रेक्षक येईनात, तर त्यांनी हॉलच्या भिंतींवर प्रेक्षकच रंगवून टाकले! 2017 मध्ये त्या गेल्या. 'सोबत कोण आहे?' या प्रश्नाला इतकं सॉलिड उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

फर्नेस क्रीकला पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे. 10 जुलै 1913 ला इथे 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, जगातली आजवरची अधिकृत सर्वोच्च नोंद. जानेवारीत मात्र मस्त हवा, पातळ जॅकेट पुरतं. काउंटरवरच्या रेंजरबाईंनी विचारलं, "किती जण?" म्हटलं, एकटी. 'एकटी का?' असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "तू कुठे आहेस, हे कुणाला माहीत आहे?" आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

दुपारी बॅडवॉटर बेसिन. मैलोन् मैल पांढरंशुभ्र मीठ. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. मागच्या कड्यावर उंच 'सी लेव्हल' अशी पाटी दिसते. मुंबईचा समुद्र इथे आणला तर तो माझ्या डोक्यावर तिथवर येईल, हा विचार काही केल्या जाईना. थोडं आत चालत गेलं की आवाजच संपतात. चार दिवस कानाशी चाललेला गोंगाट तिथे कुठेतरी गळून पडला.

पावणेतीनला गोल्डन कॅन्यनमध्ये शिरले. पिवळ्याधमक भिंतींमधली वाट. पूर्वी इथे डांबरी रस्ता होता, 1976 च्या पुरात तो वाहून गेला. मला गाठायचं होतं शेवटचं रेड कॅथीड्रल, म्हणजे लालभडक कडे. जाऊन-येऊन पाच किलोमीटर. पण फोटोंच्या नादात वेळ गेला. कडे समोर दिसायला लागले तेव्हा पावणेचार वाजले होते, घळीत सावली उतरली होती आणि सूर्य पाचच्या आतच मावळणार होता. आजूबाजूला कुणी नाही. फोनला रेंज नाही. अजून वीसेक मिनिटं, बस्स!

दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. कुणी सोबत असतं तर 'चल गं, काही होत नाही' म्हणालं असतं आणि मी गेले असते. काही झालंही नसतं कदाचित. पण निर्णय माझा एकटीचा होता, आणि साडेसहाला एक बाई फोन हातात घेऊन बसणार होती. मी वळले.

परतीच्या वाटेवर झॅब्रिस्की पॉइंटला थांबले. सुरकुतलेल्या सोनेरी टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे मावळणारा सूर्य. कॅथीड्रल हुकलं याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण एकटं जाण्याचा फंडा त्या दिवशी कळला. निघायला हिंमत लागते, हे सगळेच सांगतात. वळायलाही लागते.

पाहरम्पला रेंज आली. भारतात सकाळचे साडेसात. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"पोचलीस? चकल्या खाल्ल्यास?"

तुम्हीही जाणार?

- नोव्हेंबर ते मार्च उत्तम. जुलै 2024 हा डेथ व्हॅलीच्या नोंदींमधला तोवरचा सर्वांत उष्ण महिना ठरला. उन्हाळ्यात तिथे ट्रेकचा विचारही नको.
- अर्धाच दिवस मोकळा? रेड रॉक कॅन्यन. ऑक्टोबर ते मे या काळात गाडीसाठी वेळ आधीच बुक करावी लागते.
- वेगास ते फर्नेस क्रीक साधारण दोन तास. पेट्रोल पार्कबाहेरच भरा, आत महाग पडतं.
- माणशी रोज किमान चार लिटर पाणी. नकाशा फोनमध्ये डाउनलोड करा, शिवाय कागदी नकाशाही घ्या.
- फोनची वेळ ठरवा आणि पाळा. आईशी तह केलेला असेल तर नक्कीच!